तीस हजार एकतीसचा शेवटचा भागाकार

शेवटचं भेटलो तेव्हा मी सुलभावर, माझ्या बायकोवर, खेकसलो होतो. खोटं कशाला लिहू? बराकपूरहून गाडीने कलकत्त्याच्या सियालदा स्टेशनात उतरून दुपारी दवाखान्यात पोचलो, तर बाईसाहेब केसपेपरावरचा स्वतःचा नंबर भागत बसलेल्या. ३००३१. एका हाताला सलाईन, दुसऱ्यात पेन्सिल. "अहो, लबाड आहे हा! दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा... कुणानेही भागा, बाकी एकच." मी म्हटलं, "ठेव ते! श्वास पुरत नाही अन् भागाकार कसले करतेस?" तिने पेन्सिल ठेवली, कागदाची घडी करून माझ्या खिशात कोंबली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला...

मी चौथीत शाळा सोडलेली. छावणीच्या मेसमध्ये जन्मभर पोळ्या लाटल्या. ती मॅट्रिक. नंबर दिसला की फोडायचा, हा तिचा नाद. ट्रामचं तिकीट, विजेचं मीटर, काहीही चालायचं. भागायचं ते फक्त मूळ संख्यांनी, म्हणजे ज्यांना एक आणि त्या स्वतः सोडून कुणी भागत नाही अशांनी. मला त्या कधी पाठ झाल्या नाहीत. मी दिसेल त्याने भागायचो. "अहो, जो दोनने जात नाही तो चोपन्नने कसा जाईल? डोकं मेसमध्ये विसरलात का?" संध्याकाळी चहा उकळेस्तोवर ती वहीत भागत यायची आणि नंबर फुटायच्या एक पायरी आधी थांबून वही माझ्याकडे सरकवायची. "आता तुम्ही." मी भागायचो, बाकी शून्य. "बघा, सुटला की तुमच्या हातून!" पुढचं तिने मनात आधीच करून ठेवलेलं असायचं, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. मी कळू दिलं नाही.

पाच आठवडे तो कागद सदऱ्यात तसाच होता. माझ्या ओरडण्याने तिचं शेवटचं काम अर्धं राहिलं, हे उघडून बघायची छाती होत नव्हती. परवा उघडला. त्रेपन्नपर्यंत भागलेलं, पुढे कोरं. म्हटलं, महिना लागला तरी आपण पुरं करायचं. लागलो चोपन्नपासून. बाकी सात. पंचावन्न, बाकी एक. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न... नाहीच. एकोणसाठ घेतला. पाचशे नऊ वेळा गेला आणि बाकी शून्य! तीनदा करून पाहिलं.

मग कागद ठेवायला तिची वही काढली. पुठ्ठ्याच्या आत तिने मूळ संख्यांची रांग लिहिलेली होती. सत्तेचाळीस, त्रेपन्न... आणि त्रेपन्नला लागून एकोणसाठ.

म्हणजे मी ओरडलो म्हणून ती थांबली नव्हती. रोजच्यासारखी एक पायरी आधी थांबली होती. कागद खिशात कोंबला तो रागाने नव्हे... वही सरकवली होती तिने.

त्या दिवशी पाच आठवड्यांनी पोटभर जेवलो. कागद आता वहीत आहे. खाली माझ्या अक्षरात ५९ × ५०९. वरचे चोपन्न-पंचावन्न खोडलेले नाहीत. तिला हसायला राहू देत.