शेणाळ्याच्या पाण्यातली लेकुरवाळी

श्रावणात सूक्ष्मदर्शक यंत्र मांडीवर घेऊन मी मुंबईहून आगगाडीने निघालो. शाळामास्तराला असलं यंत्र कुठून परवडणार? मागून आणलं होतं. कल्याणला माझी थोरली बहीण राहते. तिचा मुलगा गेल्या साली पटकीने गेला. तेव्हापासून डॉक्टरच्या धाकाने ती पाणी उकळत असे. पण आता चातुर्मासात जीवहत्या नको म्हणून ती डळमळू लागली आहे, असं भावोजींचं पत्र आलं होतं. घरात चार वर्षांची यमू उरली होती. पाण्यातले किडे दाखवून ताईला चांगली भिववायची, असा माझा बेत होता.

वाटेत ठाण्याला उतरलो आणि मासुंदा तळ्याकाठी यंत्र मांडून पाहिलं. थेंबात पाणपिसवा (टुणटुण उडणारे बारीक जीव) नुसत्या बुजबुजल्या होत्या. एक म्हातारा आगरी (मिठागरावर राबणारा) जवळ आला. त्यानेही डोळा लावला.

"येवरी सगली आमचे पोटान जातान?"

"जातात, बाबा."

"मंग जाऊं दे. आता काय वकून काढू त्यांना?" तो हसत निघून गेला. मला मात्र हसू आलं नाही.

पुढे मुंब्र्याचा डोंगर, खाडी, डोंबिवलीची भातखाचरं पाहत दुपारी कल्याण गाठलं. ताईने तांदळाची भाकरी आणि अळूचं फदफदं वाढलं. हात धुतले आणि लगेच तिच्या घागरीतलं शेणाळे तळ्याचं पाणी काचेवर घेतलं.

नेमका चक्रधारी सापडला. डोक्यावर दोन चाकं गरगरताहेत असं वाटावं, असा हा जीव. ताई पाहतच राहिली.

"अरे, हिच्या शेपटाशी अंडं आहे!"

"असतं. अशी हजारो तुझ्या घागरीत आहेत."

"लेकुरवाळी आहे रे," ती म्हणाली आणि उठून तिने उकळत्या पाण्याखालचं लाकूड चुलीतून बाहेर ओढलं. "वर्षभर मी यांना उकळत होते?"

मी हात जोडले. "ताई, हे बिचारे निरुपद्रवी आहेत. पटकीचं विष याहून बारीक असतं, ते या यंत्रात दिसत नाही."

"मग जे दिसतं त्याला का मारू?"

शिकवायला गेलो आणि घात करून बसलो. संध्याकाळी तिने पाणी दुपदरी फडक्याने गाळलं आणि ते फडकं तळ्यात हलक्या हाताने खळबळून जीव परत सोडले. यमू ते गाळलेलं पाणी माझ्यासमोर घटाघटा प्यायली. भावोजी मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी परतलो. महिन्याच्या आत भावोजींचं पत्र आलं. यमू पटकीने गेली. ताई अजून पाणी गाळूनच भरते, तुमच्यावर तिचा राग नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. राग असता तर बरं झालं असतं.

मी खरं तेच दाखवलं, असं मनाला पुष्कळ समजावलं. मन ऐकत नाही. 'ताई, आता तरी पाणी उकळ,' असं लिहायला बसलो. मग वाटलं, आता ती कुणासाठी उकळेल? टाक खाली ठेवला.