पायलच्या आईला मी दिलेला सल्ला

"बाई, ही मुलगी मुकी आहे का?"

केंद्रप्रमुख साहेबांनी भर वर्गात विचारलं. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळा तपासणारे अधिकारी. दुसरीतल्या पायलपुढं त्यांनी बाजाराचं चित्र धरलं होतं. चित्रात काय दिसतंय ते सांगायचं, एवढीच चाचणी. पायल मान खाली घालून उभी.

"साहेब, दिवाळीनंतर आली तेव्हा चांगली बोलायची."

"आता नाही ना बोलत? पंधरा दिवसांनी येतो. तेव्हाही गप्प राहिली, तर वाचादोषाच्या यादीत नाव घालू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धडधाकट पोरीला दोष चिकटवणार!

पायलचे आई-बाप ऊसतोडीला आलेले. बंजारा, घरी गोरमाटी बोलणारे. निमगाव केतकीच्या अलीकडं त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. शाळा सुटल्यावर मी तडक तिथं गेले. तिची आई शांता भांडी घासत होती.

"शांताबाई, पायल घरी तरी बोलते का?"

"न्हाय. मी बी बोलत न्हाय तिच्यासंगं."

"का गं?"

"तुमीच म्हणला ना बाई, घरात मराठीच बोला. मला दोन-चार शब्द येत्यात. पोरीचं नुकसान नगं, म्हणून गप ऱ्हाते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माय-लेकी दोन महिने मुक्या, आणि कुणामुळं? वीस वर्षं नोकरी केलेल्या या शहाणीमुळं.

"चुकलं माझं. आजपासून तुमच्या बोलीत पोटभर बोला. आणि शाळेत येऊन पोरांना एक गोष्ट सांगा."

"गोरमाटीत? पोरं हसतील की!"

"हसू देत."

चार दिवसांनी तोडीला सुट्टी होती, तेव्हा ती आली. पदर सावरत कोल्ह्याची गोष्ट सांगू लागली. पोरांना ओ की ठो कळेना. सगळी पायलकडं वळली, "ए, काय म्हणली तुझी आई? सांग की!"

पायल आधी शेजारणीच्या कानात कुजबुजली. मग उभी राहिली आणि मराठीत खेकसली, "थांबा रं, मधी बोलू नका! सांगते." आणि अख्खी गोष्ट सांगितली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

साहेब ठरल्या दिवशी आले. तेच चित्र. पायलनं गोरमाटीत जी गाडी सोडली, ती थांबेचना.

"अगं, मराठीत?"

"ते बी सांगते. दम धरा."

वर्ग खो खो हसला. तिनं मराठीतही सगळा बाजार सांगितला, वर भाजीवालीशी भांडण आपल्या मनानं घातलं. माझी मान अशी ताठ झाली म्हणता!

साहेबांनी यादी बॅगेत ठेवली. "बाई, उपाय काय केलात?"

"काही नाही साहेब. आधी केला होता तो बंद केला."