कोषांना शेगडी

सासूबाईंनी माझ्या बाळंतपणासाठी घेऊन ठेवलेली शेगडी पहिल्यांदा पेटली ती रेशमाच्या किड्यांसाठी.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. म्हणून नवऱ्यासाठी पालमची एक मुलगी बघून ठेवली होती. "दोघी बहिणीवानी ऱ्हावा," असं सासूबाई भाकरी थापता थापता सांगायच्या. मी हो म्हणायचे. नाही म्हणून जाणार कुठं? माहेरी भावजयीचं राज्य होतं. पण आतून जीव नुसता जळायचा.

त्या वर्षी नवऱ्यानं विहिरीजवळच्या तुकड्यात तुती लावली होती. सोनपेठकडं तेव्हा हे खूळ नवीन होतं. रेशीमवाल्या साहेबांनी अंडी दिली, अळ्या वाढल्या, कोष झाले. साहेब म्हणाले, "यातले चांगले कोष विकू नका. पतंग निघू द्या, अंडी घालू द्या. पुढच्या वेळी घरचंच बियाणं." एवढं सांगून ते गेले आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू झाला. एसटी बंद, साहेबही बंद. कोष सासूबाईंच्या ताब्यात आले.

थंडीचे दिवस होते. सासूबाईंचं म्हणणं, अंडी घालायची म्हणजे बाळंतपणच की. त्यांनी पत्र्याची खोली मोकळी करून कोषांची सुपं आत मांडली, दाराला गोधडी लावली, सांदी बुजवल्या आणि शेगडी पेटवली. ओव्याची धुरी तेवढी नवऱ्यानं देऊ दिली नाही. आत गेलं की घामानं पोलकं भिजायचं.

"आत्याबाई, लय गरम व्हायलंय," मी म्हणाले.

"तुला काय ठावं गं बाळंतिणीचं?"

मी कोळसे आणून दिले.

पाखरं निघाली. पांढरी, जाड, उडता न येणारी. नर फडफडत माद्यांना चिकटले ते दुपार झाली तरी चिकटलेलेच. सासूबाईंनी महादेवाचा फोटो त्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात नेला. मग माद्यांनी कागदावर भरपूर अंडी घातली, पिवळी, खसखशीएवढी. अंडी करडी पडली की जीव धरला समजायचं, असं साहेब सांगून गेले होते. आमची पिवळीच राहिली. नंतर चपटी व्हायला लागली.

"वांझ हायती रांडा," सासूबाई माद्यांना म्हणाल्या. बघितलं मात्र माझ्याकडं. मला असा राग आला, वाटलं तो सगळा कागद चुलीत घालावा.

एसटी चालू झाली तसे साहेब आले. त्यांनी कागद उजेडात धरला, शेगडीकडं बघितलं आणि डोक्याला हात लावला. "माद्यांचं काही चुकलेलं नाही. त्यांनी आपलं काम केलंय. कोषात असताना इतकी धग लागली की नराचं बीज नीट तयारच होत नाही. वरून धडधाकट दिसतो, जोडी लावतो, पण अंडं फळत नाही."

"नराचं?" सासूबाईंनी विचारलं.

"नराचं."

"वरून कळत न्हाई?"

"अजिबात नाही."

नवऱ्याला तेवढ्यात गोठ्यात काहीतरी काम निघालं.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढं एका सकाळी लेकाला म्हणाल्या, "चल, परभणीला दवाखान्यात जायचंय."

"मी काय किडा हाय का?"

"किडा असतास तर सायबानंच बघितलं असतं."

गेले दोघं. परत आल्यावर नवरा घरात न येता तसाच रानात गेला. त्यानंतरही दवाखान्याच्या चकरा झाल्या. मला कुणी काही सांगितलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

मग पालमहून मुलीचे वडील आले, सुपारी फोडायची बोलणी करायला. मी चहा घेऊन गेले.

"पाव्हणं, पोरगी दुसरीकडं द्या," सासूबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. "का वो? हिला दिवस गेले काय?"

"न्हाई. जाणारबी न्हाईत." सासूबाईंचा आवाज चांगला शेजारपाजारी जाईल एवढा होता. "सून माझी धड हाय. खोट माझ्या पोरात हाय."

नवरा शेजारीच बसला होता. खाली बघत म्हणाला, "खरं हाय."