द्राक्षं बंद

आईच्या औषधाच्या डबीवर मी पहिल्या दिवशी मार्करने तारीख टाकली, तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं. त्याआधीचा महिनाभरही काही वाटत नव्हतं. तिच्या स्तनातली गाठ काही वर्षांपूर्वी काढली होती. आता तोच आजार कमरेच्या हाडात उतरलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत 'बरं' म्हटलं. शेजारी बसलेल्या आईनेही 'बरं' म्हटलं. मग आम्ही अंधेरीहून रिक्षाने कांदिवलीला घरी आलो आणि मी कुकर लावला.

उपचार घरीच होता, तोंडाने घ्यायचा. एक कॅप्सूल रोज जेवणानंतर, ठरल्या वेळी, एकवीस दिवस. मग सात दिवस सुट्टी, मग पुन्हा एकवीस. हार्मोनची छोटी गोळी मात्र बिनसुट्टीची. आईने त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली. थोरली फोडायची नाही, चावायची नाही. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उलटी झाली तरी त्या दिवशी परत द्यायची नाही. सुट्टी संपताना रक्त तपासायचं आणि पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच पुढची डबी उघडायची. थोरली जितके दिवस झेपेल तितके दिवस आजार दबून राहील, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे सगळं थोरलीवरच होतं.

डबीतला तो घडी घडीचा इंग्रजी कागद मी पुरता वाचून काढला. मी विमा कंपनीत क्लेम बघते. बारीक अक्षरातल्या अटी वाचणं हाच माझा धंदा. एका शब्दावरून मी लोकांचे क्लेम परत पाठवले आहेत आणि घरी येऊन नीट जेवले आहे. तेव्हा कागद वाचण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवावं असं मला वाटत नसे. कागदात लिहिलं होतं, ग्रेपफ्रूट आणि त्याचा रस टाळा. ग्रेप म्हणजे द्राक्ष, फ्रूट म्हणजे फळ. मी आईला सांगितलं, द्राक्षं बंद.

"माका द्राक्षांचा काय कौतुक नाय," ती म्हणाली. आई मूळची मालवणकडची. पन्नास वर्षं मुंबईत काढून तिने घरातल्या भाषेत फार काही बदल केलेला नाही; बाहेरच्यांशी मात्र ती शहरी मराठी बोलते.

कौतुक नाही म्हणाली, पण द्राक्षं तिला आवडायची. तो हंगामही द्राक्षांचाच होता. खालच्या गाडीवाल्याकडून ती भाजी घेई आणि द्राक्षांच्या बाजूला बघतही नसे. पथ्य म्हटलं की आई जरा जास्तच करते. शेजारच्या सत्यनारायणाला प्रसादाचा शिरा आला, तर चष्मा लावून तिने त्यातला एकेक बेदाणा वेचला आणि बशीच्या कडेला ठेवला. प्रसाद टाकायचा नाही, म्हणून ते बेदाणे मी खाल्ले. मला ती तेव्हा शाळेतल्या हुशार मुलीसारखी दिसली आणि थोडी चीडही आली. इतकं कसं कोणी ऐकतं.

सहा-सात महिने सगळं झकास चाललं. पेशी थोड्या खाली जायच्या, सुट्टीत वर यायच्या. मग गणपती आले आणि मामाने गावाहून ट्रॅव्हल्सच्या बसने गोणपाटातून पपनसं पाठवली. आजोळच्या परसात विहिरीला लागून त्याचं झाड आहे. हायवेवर जाऊन मीच ते गोणपाट रिक्षात घातलं. दुपारी आई फळ घेऊन बसायची, जाड साल सोलायची, एकेक फोड पातळ पापुद्र्यातून सोडवायची, वर मीठ-साखर भुरभुरायची आणि अर्धी वाटी माझ्यासाठी झाकून ठेवायची. तोंडाला चव नव्हती तिच्या. तेवढंच एक तिला गोड लागायचं. दिवाळीआधी आणखी एक गोणपाट आलं.

त्या दोन महिन्यांत रक्ताचा रिपोर्ट बिघडला. पहिल्यांदा डॉक्टरांनी सुट्टी आठवडाभर वाढवली. पुढच्या फेरीला पेशी त्याहून खाली गेल्या, आईला तापही येऊन गेला. तेव्हा ते म्हणाले, थोरलीचा डोस एक पायरी कमी करू. कमी डोसवरही अनेकांचं उत्तम चालतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हेही त्यांनी सांगितलं. आईने मान हलवली आणि बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर विचारलं, "म्हणजे डॉक्टरान आशा सोडली?"

"तसं नाही गं," मी म्हटलं. मी चिठ्ठी घेऊन औषधांच्या रांगेत उभी राहिले.

हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीवर साधारण माझ्याच वयाची एक बाई असते. गळ्यात बारीकसा क्रॉस, गोराईकडची. नवी चिठ्ठी बघून ती थांबली. डोस का उतरवला, खाण्यात काही नवीन आलं का, दुसरं काही औषध, काढा वगैरे चालू आहे का, असं तिने विचारलं.

"काही नाही हो," आई म्हणाली. "मी साधी द्राक्षंसुद्धा खात नाही."

"द्राक्षं का नाही खात?"

"ग्रेपफ्रूट बंद सांगितलंय ना," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं असणार.

तिने चिठ्ठी खाली ठेवली. "ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नाय वो. ते पपनसासारखं असतं, त्याच्यातलंच. द्राक्षं चालतात. पपनस नाय चालत. त्याच्याने गोळी अंगात जास्त साठते." मग तिने आवाज खाली आणला. "पपनस खाता काय?"

आईने माझ्याकडे बघितलं. खिडकीतल्या बाईला तेवढ्यावरून कळलं. ती म्हणाली, परत आत जा, डॉक्टरांना सांगा, मी फोन करते, तोवर ही डबी देत नाही.

आत जाताना मी मनात वाक्य जुळवत होते. माझ्याकडून शब्दाचा अर्थ चुकला. एवढं साधं वाक्य. डॉक्टरांनी मान वर केली आणि मी तोंड उघडायच्या आत आई बोलायला लागली.

"मीच खाल्लं हो पपनस. गावचं आलं होतं, राहवलं नाही. हिने बजावलं होतं, पण मी हिच्या मागे खात होते."

बाहत्तर वर्षांची बाई, जिने शिऱ्यातला बेदाणाही खाल्ला नाही, ती खाली मान घालून खोटं बोलत होती. डॉक्टर वैतागले. आजी, असं चोरून खाऊन कसं चालेल, असं म्हणाले. मग त्यांनी समजावलं की औषधाने पेशी तशाही उतरतात, सगळा दोष पपनसाचाच असेल असं नाही, पण ते आधी पूर्ण बंद करू, आठवडाभर थांबू, रक्त बघू आणि मग डोसचं ठरवू. फाइलमध्ये त्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली. उलट्या बाजूनेही मला ती वाचता आली. रुग्णाने आहाराचं पथ्य पाळलं नाही.

मी काही बोलले नाही. जीभ जड झाली होती वगैरे काही नव्हतं. मला बोलता आलं असतं.

घरी आल्यावर उरलेली चार पपनसं मी खाली वॉचमनला देऊन आले. आई भाजी निवडत होती. मी तिला विचारलं, खोटं का बोललीस, चूक माझी होती. तिने आधी हातातली मेथीची जुडी संपवली, देठ बाजूला केले.

"तुका ते बोलले असते तर तू घाबारलं असतंस," ती म्हणाली. "घाबारलेल्या माणसाच्या हातची गोळी माका गिळूक येवची नाय. माका काय म्हणतत ता म्हणांदेत."

मग तिने मला मेथी धुवायला दिली. मी नळाखाली ती तीनदा धुतली. त्या वर्षात पहिल्यांदाच मला काहीतरी वाटत होतं. लाज वाटत होती, आणि ती निघून जाऊ नये असंही वाटत होतं.

आठवड्याने पेशी वर आल्या. डोस उतरवावा लागला नाही. थोरली आहे तीच चालू राहिली आणि आई त्या दिवशी रिक्षात मालवणीत काहीतरी गुणगुणत होती. आता कागदावरचा अडलेला प्रत्येक शब्द मी खिडकीवरच्या त्या बाईला विचारते. ती हसत नाही, सांगते.

त्यानंतर तीन वेळा आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. दर वेळी ते फाइल उघडतात, ती ओळ त्यांना दिसते आणि ते जरा दरडावून विचारतात, "काय आजी, पथ्य पाळताय ना आता?" आई खाली बघून 'होय' म्हणते. दर वेळी मी ठरवून गेलेली असते की आज सांगायचं. मग ते पुढची तारीख देतात, आणि मी फाइल पिशवीत घालते.