दर्शनाने सव्वादोन वर्षांनी घातलेलं बारसं

आमच्या लालबागच्या चाळीत दर्शनाइतकी मऊ बोलणारी बाई नाही, आणि तिच्याइतकी डूख धरणारीही नाही. दिवसभर साड्यांना फॉल लावते. दाताने धागा तोडते तेव्हा मला उगाच तिच्या नणंदेची, नलूची मान आठवते.

सव्वादोन वर्षांपूर्वी दर्शना सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगा सव्वा किलोचा, काचेच्या पेटीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमची वार अभ्यासाला देता?" कोकणातल्या घरात वार पुरायची असते. दर्शनाने सही केली, पण कारण विचारून. बाई म्हणाल्या, वार नुसतं अन्न पोचवत नाही, संप्रेरकंही बनवते. त्यातलं एक बाळाचा मेंदू शांत ठेवतं, त्याची वाढ सांभाळतं. बाळ लवकर आलं की तो पुरवठा एकदम तुटतो. त्याने पुढे काय होतं, तेच शोधतोय. काही मुलांना त्रास होतो, काहींना काहीच नाही. लक्ष ठेवायचं.

हे दर्शनाने विश्वासाने नलूला सांगितलं. चुकलंच तिचं. नलूने त्याचं सार काढलं, "पोराचं डोकं अर्धंच भरलंय. वर ही बया वार पण देऊन बसली," आणि तिन्ही मजल्यांवर दारोदार वाटलं. मीही कान देऊन ऐकलं, खोटं कशाला बोलू. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं, तर म्हणाली, "आधी डोकं येतंय का बघू."

"बरं वन्सं," दर्शना म्हणाली. "थांबू."

जन्माच्या दाखल्यावर राजस नाव लागलं, कानात कुणीच सांगितलं नाही. जिन्यात बायका पोराला 'अर्ध्या' म्हणू लागल्या. दर्शना हसून पुढे जायची आणि एकेकीचं तोंड लक्षात ठेवायची.

गेल्या महिन्यात तपासणी झाली. बाळंतपणाच्या ठरल्या तारखेपासून वय मोजलं, तर दोन वर्षं पूर्ण. चालणं, बोलणं, ठोकळे रचणं, सगळं वयाला धरून. "शाळेत जायला लागला की पुन्हा बघू," बाई म्हणाल्या. दर्शनाला तेवढं पुरलं.

रविवारी बारसं ठेवलं. मानाची साडी मिळणार म्हणून नलू आली, नाव सांगितलं, साडी नेसली. लगेच दर्शनाने घुगऱ्यांचं पातेलं तिच्या हातात दिलं.

"वन्सं, तिन्ही मजले. आत्यानेच वाटायच्या."

"शिवाला सांग की. नवरा कशाला केलायस?"

"त्यांना कुठली दारं ठाऊक? तुमची पायाखालची आहेत. आणि मुक्याने देऊ नका. राजसचं डोकं पूर्ण आहे, असं सांगून द्या. मी आहेच मागे."

भरल्या घरात, अंगावर नवी साडी, नलू नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

माझ्या दारात आली तेव्हा घामाघूम. "राजसच्या घुगऱ्या," ती पुटपुटली. "डोकं... पूर्ण आहे."

मी कानामागे हात धरला. "हल्ली ऐकू येत नाही गं. जरा मोठ्याने."

नलूने माझ्याकडे असं पाहिलं की घुगऱ्या घशातच अडकाव्यात. पण बोलली. अशी बोलली की समोरच्या तीन खोल्यांतल्या बायका बाहेर आल्या.

दर्शनाने नणंदेचा घसरलेला पदर हलकेच सारखा केला.

"चला वन्सं," ती म्हणाली, "वरचा मजला राहिलाय."