भिंतीकडे तोंड केलेला फोन

कोचाबाम्बा शहरातल्या कान्चा बाजारात लोकरीचं दुकान कुठे म्हणून विचारलं, तर लोक गल्ली सांगत नाहीत, बेनिग्ना तोरिकोचं नाव सांगतात. साठीला टेकलेली, ठेंगणी, दोन वेण्यांची टोकं पाठीवर एकत्र बांधलेली ही बाई सकाळी दुकानाची फळी वर उचलते आणि आधी लोकरीच्या गुंड्यांवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटते. शेजारणींना वाटतं, ती प्रार्थना म्हणते. खरं म्हणजे ती कुठल्या रंगाला ओल लागली आहे ते चाचपत असते, आणि लागली असेल तर छताच्या पत्र्याला शिव्या देत असते.

तिची आई पुनाताच्या बाजूच्या खेड्यातून अंडी घेऊन याच बाजारात बसायची. बेनिग्ना धंदा शिकली ती आईच्या टोपलीशेजारी बसून. तिथे तिला कळलं की बाजारात विकणारीही 'कसेरा' आणि घेणारीही 'कसेरा'. कुणी दोनतीनदा आपल्याकडून माल नेला की ती आपली कसेरा झाली आणि आपण तिच्या झालो. मग तिनं दुसऱ्या टोपलीत नुसतं डोकावलं तरी मनाला लागतं. आणि कळला तो यापा. माल मोजून झाला, घासाघीस संपली, की कसेरा म्हणते, "आणि माझा यापा?" मग विकणारी मापाच्या वर काहीतरी घालते. एखादं अंडं, मूठभर शेंगा, चार बटणं. यापा मागितल्याशिवाय द्यायचा नाही, देताना मोजायचा नाही आणि तिसऱ्याला दिसू द्यायचा नाही. बेनिग्नाची आई एप्रनच्या आडून अंडं सरकवायची तेव्हा शेजारी बसलेल्या बेनिग्नालासुद्धा ते दिसत नसे.

पुढे बेनिग्नानं अंडी सोडून लोकर धरली, फेर्मीन नावाच्या ट्रक चालवणाऱ्या माणसाशी लग्न केलं आणि लिसेत ही एकच मुलगी वाढवली. बाजारातल्या बाया म्हणत, बेनिग्नाला नवऱ्याचा वाढदिवस आठवत नाही, पण कुणाच्या स्वेटरची डावी बाही अडली आहे ते आठवतं. फेर्मीनही हे हसत मान्य करी.

या कसेरांमध्ये पहिला मान ओर्तेन्सिया बार्रोनचा. उंच, किडकिडीत, फटकळ बाई. ती शाळेच्या गणवेशाचे स्वेटर विणून द्यायची आणि दर आठवड्याला दुकानात येऊन आधी बेनिग्नाला चोर ठरवायची. "या भावात मी आख्खी मेंढी घेईन," असं म्हणायची. बेनिग्ना म्हणायची, "घे की, पण तिला धुवायचं, पिंजायचं, कातायचं तू." अशी बरीच वर्षं गेली. मग ओर्तेन्सियाच्या मुलानं सुक्रेला बदली घेतली, तीही त्याच्याबरोबर गेली आणि तिची येजा थांबली. बेनिग्ना पुष्कळ दिवस तिच्या आवडीचा मातकट लाल रंग बाजूला काढून ठेवत असे. मग तेही बंद झालं.

साथीच्या वर्षी बाजाराला कुलूप लागलं. लिसेत औषधांच्या दुकानात काम करायची, तिच्या हातात फोन सतत असे. तिनं घरातल्याच एका खोलीत लोकर मांडली, लाइव्ह विक्रीसाठी फोन दोऱ्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आईला त्याच्यासमोर बसवलं. बेनिग्ना पडद्यावर स्वतःचा चेहरा बघत वेण्या सारख्या करत राहिली. समोर कुणीच नाही तर बोलू कुणाशी, असं तिचं म्हणणं. लिसेत म्हणाली, "आई, समोर तुझी एक कसेरा उभी आहे असं समज आणि तिच्याशी बोल."

बेनिग्नानं हे अगदी मनापासून धरलं. बघणाऱ्या बाया पाच असोत की तीनशे, तिच्या लेखी फोन म्हणजे एक बाई. ती त्या बाईला विचारायची, काय विणतेस, कुणासाठी, बाळ किती महिन्यांचं. खालून अक्षरं वर सरकायची, लिसेत ती वाचून दाखवायची. एकीला बेनिग्ना म्हणाली, "निळे गुंडे घेऊ नकोस, मागचे तीन तुझ्याकडे पडून आहेत, आधी ते संपव." लिसेतनं कपाळाला हात लावला. पण त्या बाईनं आपल्या दोन बहिणींना आणलं. बाजार उघडल्यावरही गुरुवारची संध्याकाळ फोनसाठी राखून ठेवली गेली. पार्सलं बसनं जायची, बाया आपापल्या गावच्या स्थानकावरून सोडवून घ्यायच्या. कार्निव्हलच्या मंगळवारी, बरकत यावी म्हणून, बेनिग्नानं दुकानावर रंगीत कागद आणि बिअर शिंपडली तशी फोनवरही शिंपडली, कारण तोही कमावता होता. लिसेतनं तो पुसला आणि आठवडाभर आईशी तुटक बोलली.

अशाच एका गुरुवारी खालून अक्षरं आली: "या भावात मी आख्खी मेंढी घेईन." लिसेतनं वाचलं आणि बेनिग्नाच्या हातातला गुंडा घरंगळत गेला. ओर्तेन्सिया सुक्रेत होती, तिच्याभोवती आता विणणाऱ्या सातआठ जणींचा गोतावळा होता, आणि सगळ्या एकाच फोनभोवती बसून बघत होत्या. त्या संध्याकाळी विक्री फारशी झाली नाही, भांडण मात्र भरपूर झालं. बेनिग्ना जेवताना नवऱ्याला म्हणाली की या डबड्या फोनला आपण उगाच नावं ठेवत होतो.

त्यानंतर दर गुरुवारी ओर्तेन्सिया येई, भाव पाडून घेई आणि शेवटी लिही, "आणि माझा यापा?" बेनिग्ना पार्सल बांधताना तिच्या मापात काहीतरी घाले. बटणं, रेशमी दोरा, कधी नुसती सुकवलेली लव्हेंडरची काडी, कसर लागू नये म्हणून.

मग मारियेलाचा गुरुवार आला. ही सांता क्रूसची तरुण मुलगी पहिल्यांदाच घेत होती. तिनं लिहिलं की एवढ्या लांब राहणारीला कसला आलाय यापा. बेनिग्नाला ती पोर आवडली. तिनं फळीवरची अल्पाकाची मऊ, पांढरी, आख्खी लडी उचलली आणि फोनच्या अगदी जवळ नेली. "ही बघ. हा तुझा यापा." समोर एकच बाई उभी होती ना. खाली हृदयांचा पाऊस पडला. लिसेत खूश झाली. नवी गिऱ्हाइकं त्या रात्रीपासून वाढली.

पुढच्या गुरुवारी ओर्तेन्सिया आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बेनिग्नाला वाटलं, आजारी असेल. तिनं शुक्रवारी दुकानातून फोन लावला.

"सगळं ठीक आहे, देवाची कृपा," ओर्तेन्सिया म्हणाली. "फोन केलात, आभारी आहे, दोन्या बेनिग्ना."

बेनिग्नानं फोन ठेवला आणि ती स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत ओर्तेन्सियानं तिला चोर म्हटलं होतं, लुटारू म्हटलं होतं, पण मानानं दोन्या बेनिग्ना कधी म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात सुक्रेहून मागणी आली ती लिसेतनं इंटरनेटवर बनवलेल्या दुकानाच्या पानावरून. मातकट लाल लोकर, लिहिलेल्या किमतीला, पैसे भरलेले. एक अक्षर वर नाही.

"बघ, घासाघीस न करता घेतलं," लिसेत म्हणाली. "चांगलंच आहे की."

"परक्या दुकानात बाई घासाघीस करत नाही," बेनिग्ना म्हणाली. "घेते आणि जाते."

दुपारी ती शेजारणीबरोबर मक्याची आपी पीत बसली होती. त्या गरम जांभळ्या घोटाबरोबर तिनं सगळे गुरुवार मागे फिरवून पाहिले आणि पांढऱ्या लडीपाशी अडली. ओर्तेन्सिया तेव्हा बघत होती. तिच्या सातआठ जणीही बघत होत्या. इतक्या वर्षांच्या कसेराला बटणं, आणि कालच्या पोरीला आख्खी अल्पाका, तीही चारचौघींत. बेनिग्नाच्या आईनं असं कधी केलं असतं तर जुन्या कसेरानं अंडी तिथेच ठेवली असती.

लिसेतला हे सांगितलं तेव्हा तिनं सोपा उपाय काढला. यापा सगळ्यांना सारखा. प्रत्येक पार्सलात एक क्रोशाची सुई, म्हणजे कुणाला राग यायलाच नको. बेनिग्नाला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तिनं ऐकलं. दोन आठवड्यांत एकीनं कळवलं की सुईचा नंबर चुकीचा आहे, बदलून द्या. दुसरीनं लिहिलं की तिच्याकडे सुया आहेत, तेवढे पैसे कमी करा. तिसरीला सुई मिळालीच नाही, ती तक्रारीवर आली. आभार कुणीच मानले नाहीत.

"सगळ्यांना सारखं दिलं की ते रेशन होतं गं," बेनिग्ना मुलीला म्हणाली. "रेशन कमी पडलं की लोक भांडतात. पुरलं तर गप्प बसतात." सुयांचा डबा तिनं परत फळीवर ठेवला.

त्या गुरुवारी विक्री नेहमीसारखी सुरू झाली. मध्येच लिसेत हळूच म्हणाली की बघणाऱ्यांत ओर्तेन्सियाचं नाव दिसतंय, काही लिहीत मात्र नाही. बाजारात असं कधीकधी होतं. रुसलेली कसेरा समोरून जाते, पण पलीकडच्या कांद्यांकडे बघत. अशा वेळी माफी मागत नाहीत. हाक मारतात. बेनिग्नानं हातातली लोकर खाली ठेवली.

"ए ओर्तेन्सिया, कसेरा, तोंड फिरवून कुठं निघालीस?"

मग एक ओळ वर आली आणि लिसेतनं ती जरा चाचरत वाचली. "तुझ्याकडे आता नव्या कसेरा आहेत. त्यांना लडी दाखव."

"नवीला बोलवायला दाखवावं लागतं. तुला दाखवायला तू काय नवी आहेस?"

"जुनीला बटणं."

"बटणंच ना? मग ती लाल बंडीवर लावून मिरवतेस कशाला? मागच्याच महिन्यात फोटो पाठवला होतास."

इतर बायांच्या हसण्याच्या खुणा भराभर आल्या. मारियेलानं बिचारीनं लिहिलं की ती लडी परत पाठवायला तयार आहे. ओर्तेन्सियानं तिला उलट झापलं. "दिलेला यापा परत करतात का पोरी? आईनं काही शिकवलं नाही वाटतं." बेनिग्ना फोनकडे बघत होती, आणि त्या क्षणी तिला पहिल्यांदा जाणवलं की समोर एक बाई नाही, खोली भरून बाया उभ्या आहेत, आणि सगळ्या आपल्या हाताकडे बघताहेत.

"मातकट लाल," अखेर अक्षरं आली. "सहा गुंडे. पण त्या भावात नाही. त्या भावात मी..."

"आख्खी मेंढी घेशील, माहीत आहे," बेनिग्ना म्हणाली. पुढची पंधरा मिनिटं दोघींनी एकमेकींना घरादारासकट धुऊन काढलं. भाव थोडासाच उतरला. आणि मग ती ओळ आली: "आणि माझा यापा?"

बेनिग्ना उठली. "लिसेत, फोन भिंतीकडे कर."

"आई, लोक बघताहेत."

"म्हणूनच म्हणते, कर."

लिसेतनं फोन फिरवला. बघणाऱ्यांना गिलावा उडालेली भिंत, एक खिळा आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर एवढंच दिसू लागलं. मागे कागद चुरचुरला, एक खण उघडला, बंद झाला, पुन्हा उघडला. कात्री वाजली. बेनिग्ना स्वतःशी पुटपुटत होती. लिसेतलाही तिनं पाठ फिरवायला लावली होती. खाली अक्षरांची झुंबड उडाली. एकीला लेस वाटत होती, एक म्हणाली खण दोनदा उघडला म्हणजे दोन वस्तू आहेत, तिसरीनं विचारलं की माझ्या वेळी पण भिंत दाखवणार का. कुणीच निघून गेलं नाही. उलट भिंत बघायला माणसं वाढली, हे लिसेतनं नंतर मान्य केलं.

आता दर गुरुवारी तसंच चालतं. जी यापा मागते तिच्यासाठी फोन भिंतीकडे वळतो, जी मागत नाही तिच्यासाठी वळत नाही. लिसेतनं भिंतीला रंग द्यावा असं सुचवलं, पण बायांनीच नको म्हणून लिहिलं. त्यांना त्या गिलाव्याच्या नक्षीत आता लामा दिसतो. पार्सलात एकीला रिबन निघते, एकीला अडलेल्या बाहीसाठी नेमक्या रंगाचा अर्धा गुंडा, एकीला नुसती लव्हेंडरची काडी. कुणाला काय मिळालं ते कुणी सांगत नाही. सांगितलं की पुढच्या वेळी मागायला तोंड राहत नाही, असं त्यांच्यातच ठरून गेलं आहे.

ओर्तेन्सियाचं पार्सल शनिवारी सुक्रेच्या स्थानकावर पोचलं. तिच्या सातआठ जणींनी तिला घेरलं, पण तिनं पुडी घरी नेऊन एकटीनं उघडली आणि आत काय होतं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बेनिग्नाही सांगत नाही. पुढच्या गुरुवारी ओर्तेन्सिया सगळ्यांच्या आधी हजर होती. तिनं नमस्कारसुद्धा केला नाही. लिहिलं, "कसेरा, मागचा यापा जरा कमीच होता."

बेनिग्नानं ती ओळ लिसेतकडून दोनदा वाचून घेतली. मग स्टूल फोनच्या आणखी जवळ ओढून ती आरामात बसली आणि म्हणाली, "हावरट कुठली. सांग, आज काय विणतेस?"