रैयाने बोलावलेली तालकोत

रैया कार्पिनेन चिडली की बोलत नसे, कप विसळायला घेत असे. त्या दिवशी तिने कॉफीच्या खोलीतले सगळे कप विसळले, स्वच्छ होते तेसुद्धा.

फिनलंडमधल्या काइनू भागातल्या आमच्या छोट्या कॉलेजात नवे सर्व्हर आले, परीक्षेची नवी यंत्रणा आली आणि हे सगळं सांभाळायला माणूस उरलं एकच, रैया. बाकीच्या जागा काटकसरीत गेल्या होत्या. त्यात वरून बजावलेलं, की वसंतातली परीक्षा या यंत्रणेवर धड पार पडली नाही, तर नर्सिंग विभाग ओउलू शहरात हलवू. रैयाने शिक्षकांना महिनाभर प्रशिक्षण दिलं. दर वेळी विचारलं, "काही शंका?" सगळे चिडीचूप. तिला वाटलं, समजलं यांना. फिनलंडमध्ये जन्म काढलेल्या बाईने असं समजावं, म्हणजे कमालच! चारचौघांत हात वर करून 'मला कळलं नाही' म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. रंगीत तालमीच्या दिवशी एकाही शिक्षकाला परीक्षा उघडता आली नाही.

"कप झिजतील गं," शरीरशास्त्र शिकवणारा ओलावी म्हणाला.

"तोंडाला कुलूप होतं का तुझ्या? विचारायचं नाही?"

"मी एकटाच मठ्ठ दिसलो असतो."

"माझा होडीचा धक्का बांधायच्या तालकोतला आलास, तेव्हा हातोडा कुठून धरायचा हेसुद्धा विचारत होतास!"

"ते वेगळं. तिथे काम चाललं होतं."

रैयाने हातातला कप खाली ठेवला.

दुसऱ्याच दिवशी तिने सगळ्यांना निरोप धाडला, 'प्रशिक्षण बंद. परीक्षेचे प्रश्न यंत्रणेत चढवायचेत, मला एकटीला झेपत नाही. गुरुवारी तालकोत. वाटाण्याचं सूप आहे.'

तालकोत म्हणजे एकाचं काम दहांनी मिळून उरकायचं, आणि त्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. झाडून सगळे आले. हात कामाला लागले तशी तोंडंही सुटली.

"अगं, हे कुठे दाबायचं?"

"तिथे नको रे बाबा, सगळं पुसलं जाईल!"

रैया मुद्दाम लांब, सूप ढवळत राहिली. मग दर गुरुवारी हेच.

परीक्षेच्या दिवशी ती फोनजवळ ठाण मांडून बसली. फोन वाजेना. तो बिघडला असेल म्हणून तिने मोबाइलवरून लावून पाहिला, तर छान वाजला. शेवटी राहवेना, तशी धावत परीक्षेच्या खोलीकडे गेली. ओलावी दारात आडवा उभा.

"आत जायचं नाही. मुलं लिहितायत."

"सगळं ठीक ना?"

"मघाशी नेट गेलं होतं. दुसऱ्या लाइनवर घेतलं."

"आणि मला बोलावलं नाहीस?"

"कशाला?"

रैयाने त्याला कडकडून मिठी मारली. आमच्याकडे लग्नातही माणसं इतकी घट्ट मिठी मारत नाहीत. तिला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी निरोप आला, विभाग इथेच राहणार. त्या लांबलचक, शांत व्हरांड्यात रैया कार्पिनेन आनंदाने किंचाळली, आणि एकूण एक दार उघडलं.